न पुसलेली सुरी

दुपारची भांडी घासून शेवंता स्वयंपाकघरातच पाट उशाला घेऊन कलंडते. डोळा लागतो न लागतो तोच ओट्याशी कुणी खाकरतं. हे खाकरणं ती हजारांत ओळखेल. तिचा नवरा, बळवंत आचारी, जाऊन दहा महिने झालेत. पण खांद्यावर फडकं टाकून तो उभा आहे.

"सुरी कुठाय गं?"

ती फडताळ उघडते, तर आत लग्नाच्या कार्यालयातला भटारखाना. चुली पेटलेल्या, पण धूर नाही आणि जेवणारंही कुणी नाही. बळवंत मधोमध उकिडवा बसून फडक्याची गाठ सोडून सुरी बाहेर काढतो.

पोलादी सुरी, लोहाराकडून घडवून घेतलेली. कापून झालं की लगेच धुवायची, कोरडी पुसायची, गोडेतेलाचा हात फिरवायचा. एक वेळ देवाचा दिवा चुकेल, पण सुरीचं तेल चुकायचं नाही. लेकीने एकदा स्टीलच्या ताटात टोमॅटो चिरला, तर धार बिघडली म्हणून या गृहस्थाने दिवसभर अबोला धरला होता. आणि आता पातं तांबडंलाल झालंय, धारेचे टवके उडालेत.

"लोणच्याची लिंबं चिरली आन् छातीत कळ आली म्हून आडवा झालो. तू पुसली न्हाईस व्हय?"

"न्हाई."

"लिंबाचा रस तो. लोखंड खातोय."

"ठावं हाय मला. तुमचा शेवटचा हात हाय तिच्यावर. पुसली की गेला."

बळवंत गप्प बसतो. जिवंतपणी असा गप्प बसला असता, तर निम्मी भांडणं टळली असती. आता दोघं विहिरीच्या पायरीवर आहेत आणि पाणी अगदी तळाला गेलंय. त्याच्या मुठीत बंबातली राख आहे.

"शेवंते, जल्मभर म्या तिला गंज लागू दिला न्हाई. आन् तू माझ्या नावानं गंज राखतीस?"

तिला रडू फुटतं. तो तिच्या चिमटीत राख देतो.

"धारंकडं बोट नेऊ नगंस. पाठीकडनं घास. हळू."

ती घासते. तिला हे अजिबात करायचं नाही, तरी घासते. तो शेजारी बसून बघतो. निम्मं पातं उजळतं, आणि ती दाखवायला मान वळवते.

पायरीवर कुणी नाही.

शेवंता भिंतीला टेकून बसलेली आहे. उन्हं ओट्यावरून उतरलीत. फडताळातली सुरी तिच्या मांडीवर आहे, नखांत राख आणि तांबडा गंज. पातं निम्मंच उजळलंय; उरलेल्या निम्म्यावर लिंबाचा वाळका डाग तसाच आहे. त्यावर ती बराच वेळ तळवा ठेवून बसते.

"जाताय तर जावा," ती म्हणते, आणि राखेसाठी उठते.