डॉक्टरला सांगायचं राहिलं ते

सन एकोणीसशे सहासष्ट. धरमपेठेतली चारुलता तेव्हा बावीस वर्षांची होती. इंग्रजी चांगलं म्हणून तिला स्वीडनहून आलेल्या डॉक्टरांबरोबर दुभाषी म्हणून पाठवलं होतं. नरखेडकडच्या एका खेड्यात प्रयागबाई नावाची सून तपासून घ्यायला आली. चार महिन्यांची पोटुशी. सासरा शेजारीच उभा.

"कुठे दुखतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

प्रयागबाईनं पदर पुढे ओढला, चारुलताकडे क्षणभर पाहिलं. "नाही जी. बरं हाय."

सासऱ्यासमोर कोणती सून आपलं दुखणं बोलेल? चारुलताला ते कळलं होतं. पण आपलं काम शब्दांपुरतं, असं समजून तिनं तेवढेच शब्द इंग्रजीत सांगितले. डॉक्टरांनी पुढच्या रोग्याला बोलावलं.

महिन्याभरानं ती पुन्हा त्या गावी गेली, तर प्रयागबाई त्याच दुखण्यानं वारली होती. तिची जाऊ जयवंता म्हणाली, "घरी आली तवा खुश होती, बाई. म्हणे, त्या पोरीले समजलं माह्यं. ती सांगन डॉक्टरले."

चारुलतानं ते काम सोडलं. पण बसमध्ये, बाजारात, कुठेही डोक्यावरून पदर घेतलेली बाई पाठमोरी दिसली की ती तोंड फिरवायची. नवऱ्यालाही तिनं कारण कधी सांगितलं नाही.

पुढे ती परिचारिकांच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागली. पुस्तकात नसलेला एक धडा ती दरवर्षी घ्यायची. "आपल्याकडे 'पाहू' म्हणजे बहुधा नकार. 'येते' म्हणणारी बाई जात असते. आणि 'नाही' म्हणजे कधीकधी 'यांच्यासमोर नाही'. परदेशी डॉक्टरला हे कोण सांगणार? तुम्ही."

"पण बाई," कामठीच्या तारानं विचारलं, "रोगी बोललीच नाही ते आपण कसं सांगायचं? चुकलं तर?"

"तर चुकू दे! पण सांग!" चारुलताचा आवाज इतका चढला की मुली दचकल्या.

एकोणऐंशीत तारा भेटायला आली. तिच्या दवाखान्यात एका विणकराची बायको दिरासमोर "काही नाही" म्हणाली होती. तारानं जर्मन डॉक्टरला त्याचा अर्थ समजावला, दिराला बाहेर पाठवलं. मग बाई बोलली. ऑपरेशन झालं, वाचली.

चारुलतानं पत्ता मागून घेतला. रविवारी ती कामठीला गेली. ती बाई दारात तांदूळ निवडत होती.

"कोण पाहिजे जी?"

"तुम्हालाच पाहायला आले," चारुलता म्हणाली. बाईनं तिला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. चारुलता तिच्या तांदूळ निवडणाऱ्या हातांकडे पाहत राहिली, आणि मग उठून बसस्टँडकडे निघाली.