साध्या पाण्याचे उंदीर

आमच्या सासूबाई प्रयोगशाळेत उंदीर सांभाळतात. नातेवाइकांना मात्र 'औषधांच्या कामाला आहे' एवढंच सांगतात. तिथे जंतांवर संशोधन चालतं हे कळलं, तर आमच्याकडे कुणी पाणीसुद्धा घेणार नाही.

माझ्या आठ वर्षांच्या मुलीला मधुमेह आहे. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी तिच्या शरीराने स्वतःच मारून टाकल्या. पोटातले जंत म्हणे आपल्याला कुणी हाकलू नये म्हणून शरीराला शांत ठेवणारा पदार्थ सोडतात. तोच वेगळा काढून प्रयोगशाळेतल्या मॅडम हा आजार होणाऱ्या उंदरांवर वापरून बघत होत्या. अर्ध्या पिंजऱ्यांना औषध, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. टोचायचं काम सासूबाईंचं. घरी नातीच्या सुईची वेळ झाली की याच बाई स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवतात.

शेवटी दोन्हीकडचे उंदीर जवळजवळ सारखेच निघाले. फरकच नाही, तर औषधाचा गुण कसला? वरचे लोक काम गुंडाळायला निघाले.

त्या संध्याकाळी सासूबाई जेवल्या नाहीत. खोदून विचारलं तेव्हा बाहेर आलं. बाटलीत उरलेलं औषध सासूबाई पाण्याच्या पिंजऱ्यांतल्या उंदरांनाही टोचत होत्या.

"पाणी टोचलेल्यांतले दोन उंदीर आजारी पडले, तहानेने सारखे प्यायच्या नळीला लटकायचे गं," त्या म्हणाल्या. "आपली पोर आजारी पडली तेव्हा तशीच पाणी पाणी करायची. बाकीच्यांचं तसं होऊ द्यायला हात धजेना."

माझं डोकंच फिरलं. उंदरांचा पुळका आला आणि नातीच्या औषधाची वाट लावलीत, असं नाही नाही ते बोलले.

सकाळी मी त्यांच्यासोबत मॅडमकडे गेले. खरं सांगायचं तर सासूबाई कच खातील म्हणून. पण सगळं त्यांनी स्वतःच सांगितलं. मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती समोरची नोंदवही मिटली.

मग म्हणाल्या, "मावशी, वरच्यांच्या हातापाया पडून पहिल्यापासून करावं लागेल. पाण्यावरचे बरेच आजारी पडतील. टोचायला दुसरं कुणी बघते."

"नको," सासूबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या. "मीच टोचते. तुमच्या डोळ्यांसमोर."

काम पुन्हा सुरू झालं. परवा त्या घरी आल्या तेव्हा मी मुलीला सुई टोचत होते. मुलीने विचारलं, "आजी, तुझे उंदीर कसे आहेत?"

त्या तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "अर्धे बरे आहेत."

म्हणजे औषधाला गुण होता. मला आनंद झाला, तो त्यांच्यासमोर लपलाही नाही. मग मीच उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी वाजवत राहिले.