सातव्या यंत्राचं उत्तर

नगर दप्तरखान्यातल्या ताईंनी जन्मनोंदींच्या जुन्या वह्या स्कॅन करून सात यंत्रांवर प्रती ठेवल्या होत्या. सहा यंत्रं परगावच्या अनोळखी माणसांची, सातवं दप्तरखान्याच्याच साहेबांचं. प्रत शाबूत आहे ना हे तपासायला रोज सकाळी प्रत्येक यंत्राला त्या नोंदींवरचं नवं गणित जाई. प्रत जवळ नसेल तर ते सुटणं अशक्य.

त्या दिवशी सहाही अनोळखी माणसांची उत्तरं बरोबर आली. चुकलं ते साहेबांचं. कागदाचा कपटाही टाकू नये, हे ताईंना शिकवणारे साहेब!

“साहेब, तुमच्याकडची प्रत?”

“पुसली गं. जागा हवी होती. कोण बघतंय?”

ताईंनी साहेबांसमोरच नवी सातवी प्रत आणखी एका अनोळखी माणसाकडे पाठवली.