समुद्र नसलेल्या देशाचा मास्तर

शरद नाबर गेला, ही बातमी मला कोणी कळवली नाही. तो गेला तेव्हा मी त्याच्या खुर्चीचा पुढचा डावा पाय धरून होतो. वेताची, हात असलेली जुनी खुर्ची. चौघांनी चार पाय धरले होते आणि डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगच्या गल्लीतून, पत्र्यांच्या कुंपणाला खांदे घासत, आम्ही त्याला बाहेर थांबलेल्या ॲम्ब्युलन्सकडे नेत होतो. सकाळचे साडेनऊ वाजले होते, लख्ख ऊन होतं. ॲम्ब्युलन्स आत येऊ शकत नव्हती आणि स्ट्रेचर कोपऱ्यावर वळत नव्हतं. हे असंच होणार, हे शरदने आम्हाला आधी सांगितलं होतं. एकदा नाही, चांगलं चारदा. आणि ज्याला सांगितलं तो सोसायटीचा सेक्रेटरी म्हणजे मीच. या गोष्टीला सहा आठवडे झाले. माझा खांदा अजून दुखतो आणि तो दुखतोय हे मला बरंच वाटतं.

आम्ही दोघं ठाण्याचे, नौपाड्यातले. एका बाकावर बसून शाळा केली, टेंभी नाक्याच्या नवरात्रात एकाच पाळण्यात बसून एकाच वेळी ओकलो. पुढे मी एका कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात चिकटलो आणि शरद भूगोलाचा मास्तर झाला. तेव्हा आफ्रिकेतल्या शाळांना इथून शिक्षक जात. शरदने झांबियाचं नाव सांगितलं तेव्हा त्याच्या आईने विचारलं, "तिथे समुद्र आहे का रे?" ठाण्याच्या खाडीकाठच्या बाईला दुसरं काय सुचणार! शरद म्हणाला, "नाही आई, त्याच्या वाटेत आठ देश आहेत." ती माउली आठ दिवस जेवली नाही. तो मात्र गेला आणि तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यातल्या एका गावात बावीस वर्षं भूगोल शिकवून आला.

त्याची पत्रं यायची. निळी, घडीची, दोन्ही बाजूंनी भरलेली. त्यात बायकामुलांचं कमी आणि देशाचं जास्त. लिहायचा, इथे जमिनीच्या पोटात तांबं आहे, पण ते विकायचं तर दुसऱ्याच्या बंदरातून. साबण, तेल, डिझेल सगळं दुसऱ्याच्या रस्त्याने येतं. शाळेची नवी पुस्तकं सीमेवरच्या ट्रकमध्ये अडकली आणि परीक्षा झाल्यावर पोचली. तो जायच्या आधी एकदा दक्षिणेची सीमाच बंद झाली होती, तेव्हा समुद्र गाठायला त्यांनी पूर्वेच्या शेजाऱ्याशी जोडून घेऊन हजार मैलांहून लांब रेल्वे टाकली. वीज धरणाची, पाऊस रुसला की तलाव खाली जातो आणि तासन् तास अंधार. एका पत्रातलं वाक्य मला अजून आठवतं, कारण तेव्हा मी ते ऑफिसात वाचून दाखवून सगळ्यांना हसवलं होतं. "इथे सरकार कोणाचंही येवो, शेजाऱ्याशी वाकडं घेणं कोणाला परवडत नाही."

निवृत्त होऊन परत आल्यावर तो घर शोधत होता. मीच त्याला आमच्या बिल्डिंगमध्ये आणलं. पहिल्या मजल्यावरचा, हवेशीर, स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटांवरचा फ्लॅट. ब्लॉक बघून झाला, शैलजावहिनींना स्वयंपाकघर आवडलं. शरद मात्र खाली उतरून गल्लीतच उभा राहिला. पुढे बघितलं, मागे बघितलं, आणि वर्गात नकाशा लावल्यावर बोलावं तशा आवाजात म्हणाला, "अरे, ही तर भूवेष्टित बिल्डिंग आहे!"

खरं होतं ते. आमची बिल्डिंग आत आहे. मूळ मालकाच्या दोन मुलांनी एक जमीन वाटून घेतली, रस्त्याकडचा अर्धा भाग पुढच्या सोसायटीचा आणि मागचा आमचा. आमच्या मागे एका केमिकल गोदामाची उंच भिंत. पलीकडे पिंपं रचलेली असतात आणि संध्याकाळी कधीकधी असा वास सुटतो की बायका खिडक्या लावून घेतात. रस्त्यावर यायचं तर पुढच्या सोसायटीच्या जागेतूनच. तीस वर्षं येत-जात होतो. कागदावर काही नव्हतं. कोणाला कधी लागलंच नव्हतं. शरदने घर घेतलं खरं, पण हॉलमध्ये पहिली वस्तू लावली ती झांबियाचा भिंतीएवढा नकाशा. त्याच्यासमोर ती वेताची खुर्ची.

मग त्याचा उद्योग सुरू झाला. रोज सकाळी पुढच्या सोसायटीच्या वॉचमनपाशी थांबायचं, त्याच्या गावचा पाऊस विचारायचा. तिथले चेअरमन म्हात्रे इथले मूळचे, जमीन त्यांच्याच घरातली. त्यांच्याशी बाकावर बसून अर्धा अर्धा तास गप्पा. त्यांच्या गणपतीत आरतीला उभं राहायचं. संक्रांतीला वहिनींच्या तिळाच्या वड्यांचा डबा घेऊन त्या बिल्डिंगचे सगळे मजले चढायचे. मी त्याला चिडवायचो, "काय राजदूत, आज कुठे दौरा?" तो चिडत नसे. म्हणायचा, "सीमेवरच्या ऑफिसात मी पहिल्यांदा गेलो ना, तेव्हा खिडकीतून थेट कागद पुढे केले. त्या माणसाने बघितलंच नाही. मागच्या ड्रायव्हरने मला बाजूला केलं आणि त्याला विचारलं, 'मुली शानी?' म्हणजे कसे आहात. मग घरचं, मुलांचं, शेताचं. कागद सगळ्यात शेवटी. आमचा ट्रक त्या दिवशी सुटला तो त्यामुळे."

मला हे सगळं गावंढळ वाटायचं, आज लिहायला लाज वाटते पण वाटायचं. माझं आयुष्य पत्रं लिहिण्यात गेलं. विषय, संदर्भ, जावक क्रमांक... माझ्या मसुद्यातला स्वल्पविराम साहेबांनी कधी हलवला नाही. म्हणून गल्लीत पुढच्या सोसायटीच्या कोणाची तरी गाडी आडवी लागायला लागली, तेव्हा मी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, तेव्हा स्मरणपत्र लिहिलं. तिसऱ्या पत्राच्या वेळी शरद म्हणाला, "पत्र नको पाठवूस. चप्पल घाल, माझ्याबरोबर चल. चहा पिऊन येऊ."

"हा तत्त्वाचा प्रश्न आहे, शरद."

"रस्त्याचा आहे रे. तत्त्व घेऊन तू बाहेर कुठून पडणार?"

पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं बिल्डिंगमधले दोघेतिघे म्हणाले. पण माझ्या मसुद्याचं कौतुक करणारे जास्त होते. आम्ही मध्यमवर्गीय माणसं आरडाओरडा करत नाही, रजिस्टर पोस्ट करतो आणि त्याला सभ्यपणा समजतो. शेवटी वकिलाकडून नोटीस पाठवली. मसुदा माझाच, वकिलाने फक्त सही केली.

ती नोटीस म्हात्र्यांच्या घरी पोचली तेव्हा त्यांची आई जाऊन सहा दिवस झाले होते. सुतक होतं, घरात दिवा लावलेला, माणसं भेटायला येत होती. मला माहीत नव्हतं. साठ पावलांवरच्या घरात म्हातारी गेली आणि मला माहीत नव्हतं, कारण चार महिने मी गल्लीतून जाताना मान वर करत नव्हतो. शरद मात्र त्या वेळी तिथेच सतरंजीवर बसला होता. पोस्टमन दारात आला. म्हात्र्यांनी सही केली, पाकीट फोडलं, वाचलं, घडी घातली आणि शरदकडे बघून म्हणाले, "मास्तर, तुमचा सेक्रेटरी लय कागद लिवतो. मानूस कवा पाठवनार?" एवढंच. शरद उठून आला तो थेट माझ्या घरी. बसलाही नाही. "त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," म्हणाला. "मी बावीस वर्षं त्या देशात काढली. शेजारी ओरडतो तोवर सीमा उघडी असते. गप्प झाला की घाबरायचं."

मी माफी मागायला जायला हवं होतं. पण कसं जाणार? नोटीस मागे घ्यायला कमिटीचा ठराव लागतो... हे मी त्याला खरंच म्हणालो.

दिवाळीनंतर पुढची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. रहिवासी दुसरीकडे राहायला गेले. म्हात्रे तेवढे रस्त्यापलीकडच्या घरात राहिले. एका सकाळी ट्रक आले आणि संध्याकाळपर्यंत निळे पत्रे उभे राहिले. तेव्हाच म्हात्र्यांनी बिल्डरला एक शब्द टाकला असता तर पत्रे दोन हात आत सरकले असते. त्यांनी तो टाकला नाही. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. आम्हाला उरली ती माणूस जाईल, स्कूटर जाईल आणि मध्येच काटकोनात वळेल एवढी वाट. आम्ही अर्थातच अर्ज केले. ते अजून चालू आहेत.

शरदच्या छातीत तेव्हापासूनच दुखायचं, पण त्याची काळजी वेगळीच. शाळेतली मोजायची टेप घेऊन तो त्या कोपऱ्यावर वाकलेला मी गॅलरीतून बघितला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्याने उभं राहून सांगितलं, "स्ट्रेचर सरळ जातं, वळत नाही. मागे पिंपं, पुढे पत्रे. उद्या मागून धूर आला तर आपण सगळे एकदम कुठून निघणार आहोत?" कोणीतरी म्हणालं, मास्तर, अजून आफ्रिकेतच आहात वाटतं! हशा झाला. मीही हसलो. वर म्हणालो, "नाबरसाहेबांच्या तोंडी सदा नकारघंटा." इतिवृत्तात त्याची सूचना मीच लिहिली, "नोंद घेण्यात आली." त्यानंतर तो मीटिंगला आला नाही. घरी गेलं की नकाशासमोर खुर्चीत बसलेला असायचा आणि वास आला की दोन्ही नाकपुड्या फुलवून खिडकीकडे बघायचा. त्याचं ते बघणं मला नकोसं व्हायचं. हळूहळू मी जाणं कमी केलं.

त्या दिवशी वहिनींची हाक आली. धावलो. तो घामाने भिजलेला, रंग गेलेला. ॲम्ब्युलन्स लवकर आली, पण पत्र्यांपाशी थांबली. स्ट्रेचर घेऊन दोघं कोपऱ्यापर्यंत आले, तिरकं केलं, उभं केलं, परत मागे घेतलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं... मग वहिनीच म्हणाल्या, "खुर्चीतून न्या." ड्रायव्हर, त्याचा जोडीदार आणि मी. तिघांनी तीन पाय धरून त्याला कसाबसा जिना उतरवला. चौथ्याला माणूस नव्हता. कामावरची माणसं कामावर, उरलेले माझ्यासारखे गुडघे धरणारे. तेवढ्यात पत्र्यांच्या बाजूने कोणीतरी आत शिरलं आणि चौथा पाय उचलला. म्हात्रे होते. रस्त्यापलीकडून त्यांनी ॲम्ब्युलन्स बघितली होती.

कोपऱ्यावर खुर्ची खाली टेकवून फिरवावी लागली. तेव्हा शरदने डोळे उघडले. समोर म्हात्रे. त्याला बोलायला श्वास नव्हता, तरी तो थांबत थांबत म्हणाला, "कसे आहात? घरी... सगळे ठीक?"

"ठीक हाय मास्तर," म्हात्रे म्हणाले. "तुम्ही बोलू नका."

पुढच्या वीस पावलांत कधीतरी त्याची मान माझ्या खांद्यावर कलली. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरने घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "जरा आधी आणलं असतं तर..." त्याने वाक्य पूर्ण केलं नाही. मी ते रोज पूर्ण करतो.

तेराव्यानंतर मी म्हात्र्यांना आभाराचं पत्र लिहायला बसलो. हो, पत्र! सवय मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. दोन परिच्छेद झाले, चांगले झाले होते. मग वहिनींकडे गेलो, तो मसुदा दाखवायला. त्या नकाशाखाली पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी कागद हातात घेतला नाही. म्हणाल्या, "भाऊजी, माझे गुडघे हे असे. मलाही बसवूनच न्यावं लागणार. तोवर रस्ता होईल का हो?" कुत्सितपणा नव्हता त्यात, त्यांना खरंच माहिती हवी होती. आणि माझ्याकडे सांगण्यासारखी होती ती प्रलंबित अर्जांची फाइल.

परवा मी चप्पल घातली आणि एकटाच रस्ता ओलांडून म्हात्र्यांकडे गेलो. हातात काही नाही. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि बघत राहिले. डोक्यात सगळे मुद्दे क्रमांकासहित तयार होते; तोंडातून एकही निघेना. शेवटी विचारलं, "आईंचं वर्षश्राद्ध कधी आहे?" म्हात्रे म्हणाले, "म्होरल्या म्हयन्यात. या." आतून चहा आला. आई कशाने गेली ते त्यांनी सांगितलं, मी ऐकलं. निघताना मात्र धीर करून पत्र्यांचं विचारलं. "बघू," म्हणाले. "आता बिल्डरच्या हातात हाय. तवा माज्या हातात व्हतं."

परतलो ते थेट वहिनींकडे. म्हटलं, ऐकून बरं वाटेल त्यांना. संध्याकाळ होत आली होती, मागच्या भिंतीकडून तो वास सुटला होता. दारातच ती वेताची खुर्ची, त्या दिवशी हॉस्पिटलमधून परत आल्यावर कोणीतरी ठेवली तशीच, पाठ घराकडे आणि तोंड जिन्याकडे. जाता-येता अडखळायला होतं. नकाशासमोरची तिची जागा अजून रिकामी. मी वाकून तिचे हात धरले, आत नेऊन ठेवायला.

"राहू दे तिथेच, भाऊजी," वहिनी खिडकी लावता लावता म्हणाल्या. "लागेल."