पडद्याकडे पाठ

चहा घेत असाल तर कप जरा खाली ठेवा. हे ऐकताना माझ्या एका मैत्रिणीचा चहा नाकातून बाहेर आला होता, म्हणून आधीच सांगते. तर, काचीगुड्यातल्या एका सरळमार्गी घरातली मी एकुलती एक मुलगी, आणि मी माझ्या सख्ख्या बापाला भरदुपारी थिएटरात परक्या बाईबरोबर पकडलं. म्हणजे मला तसं वाटलं. वाटण्यावरच थांबले असते तर आज तुम्हाला सांगायला काही उरलं नसतं. पण थांबेन ती मी कसली?

आधी पप्पा कोण ते कळू द्या. औषधांच्या कंपनीत हिशेब लिहिण्यात जन्म घालवलेला माणूस. मागच्या वर्षी रिटायर झाले. शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावतात, हैदराबादच्या मे महिन्यात. सिनेमा म्हणजे रिकामटेकड्यांचा धंदा, हे त्यांचं ठाम मत. मी बी.कॉम. सोडून मास कम्युनिकेशनला जाते म्हटल्यावर त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. पुढे कधीतरी बोलले ते एवढंच, की सिनेमा बघायला कॉलेज लागतं हे मला ठाऊक नव्हतं.

आणि कॉलेजने मला प्रोजेक्ट काय द्यावा? ट्रेलर आणि जॉनर. जॉनर म्हणजे सिनेमाचा प्रकार हो. दार करकरलं की भुताचा, झेंडूच्या माळा दिसल्या की कौटुंबिक, हिरो मागे न बघता चालत आला आणि त्याच्या मागे जीप उडाली की मारामारीचा. प्रेक्षकाला हे एवढ्याशा तुकड्यावरून कसं कळतं, ते आम्ही शोधायचं. आम्ही म्हणजे मी आणि श्रावणी, माझी तेलुगू मैत्रीण. दोघींनी मिळून इतके ट्रेलर पाहिले, थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पाहिले, की सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली तरी मला मागून संगीत ऐकू यायला लागलं.

पण सरांचं समाधान होईना. लॅपटॉपवर बघून काय कळतं, म्हणाले, थिएटरात जा आणि लोकांचे चेहरे बघा. श्रावणीच्या मामांच्या ओळखीने एका जुन्या थिएटरच्या मॅनेजरने परवानगी दिली. सिनेमाआधी ट्रेलर लागतात तेवढा वेळ आम्ही पडद्याखाली, दोन बाजूंच्या दोन दारांशी, लोकांकडे तोंड करून उभं राहायचं आणि कोण कधी दचकतं, कोण कधी हसतं ते टिपून घ्यायचं. स्कूटीवर येताना डोक्या-तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ मी सोडलाच नव्हता. एसीचा झोत नेमका माझ्या टाळूवर होता.

पहिला ट्रेलर भुताचा. सगळे चेहरे निळे पडले. एक काका तर पॉपकॉर्न तोंडाशी धरून तसेच गोठले. मग नादस्वर वाजलं, पडदा पिवळाधमक झाला, लग्नघराचा ट्रेलर सुरू झाला, आणि त्या पिवळ्या उजेडात मधल्या एका रांगेत मला पप्पा दिसले.

माझे पप्पा. अंगात मोरपंखी शर्ट. आईने हौसेने आणलेला आणि ‘हा काय नाटकवाल्यांचा रंग’ म्हणून त्यांनी कपाटात कोंबलेला, तोच. शेजारी त्यांच्याच वयाची एक बाई. गजरा, कोपरापर्यंत बांगड्या, चेहऱ्यावर भरभरून हसू. तिने पप्पांचा दंड धरला, पडद्याकडे बोट केलं, त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. आणि पप्पा लाजले. त्यांना लाजता येतं हेच मला माहीत नव्हतं.

थांबा, पुढे ऐका. तो ट्रेलर संपला आणि दोघं उठून मागच्या दाराकडे चालू लागली. मूळ सिनेमा सुरूसुद्धा झाला नव्हता. आता तुम्हीच सांगा, तिकीट काढून, ट्रेलर बघून कोण उठून जातं? सिनेमा बघायला आलेला माणूस जात नाही. लपूनछपून भेटायला आलेला जातो. श्रावणी दुसऱ्या दाराशी होती, तिने काही पाहिलं नव्हतं. ती म्हणत राहिली की नक्को यार, दुसरे कुणीतरी असतील. पण स्वतःचा बाप मोरपंखी शर्टात ओळखू येणार नाही का?

घरी आले तर पप्पा पेपर वाचत बसलेले, अंगात नेहमीचा पांढरा शर्ट. दुपारी कुठे होता म्हणून मी अगदी सहज विचारलं. बँकेत, म्हणाले, केवायसीचं काम होतं. पेपरातून मान वर काढली नाही. माझे पप्पा माझ्याशी खोटं बोलल्याचं मला तरी आठवत नव्हतं.

मग काय, प्रोजेक्टमध्ये शिकलेलं सगळं मी घरात लावलं. मिशीला कलप कधीपासून लावतात? फोन आला की गॅलरीत जाऊन हळू आवाजात का बोलतात? अंघोळ करताना गाणं? पहाटे फिरायला म्हणून निघालेला माणूस संध्याकाळी परत येतो, तो काय वरंगलपर्यंत चालत जातो? एकेक तुकडा जोडला आणि माझ्या डोक्यात अख्खा सिनेमा तयार झाला. आई बिचारी स्वयंपाकघरात तोच मोरपंखी शर्ट इस्त्री करत होती. तिला बघून मला रडूच फुटलं. कांदा चिरतेय असं सांगितलं. हातात कांदा नव्हता, पण आईने काही विचारलं नाही.

आईला सांगायची हिंमत होईना. म्हणून मी कुकटपल्लीला राहणाऱ्या आत्याला फोन लावला. इथेच माझी अक्कल संपली. आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण, शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. तिच्यासमोर पप्पा अजून खुर्चीच्या टोकावर बसतात. मी थिएटरपासून कलपापर्यंत सगळं सांगितलं. तिने मध्ये न थांबवता ऐकून घेतलं. मग म्हणाली, रविवारी येते, तोवर तू तोंड उघडू नको.

रविवारी आली ती मोठी बॅग घेऊन. मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, बॅग रिकामी आहे, प्रकरण चिघळलं तर तुझे आणि आईचे कपडे भरायचे आणि माझ्याकडे चलायचं. आई आत मुरमुऱ्यांचा सुशीला परतत होती, शेंगदाण्यांचा वास सुटला होता, आणि मला वाटत होतं, हा या घरातला शेवटचा सुशीला.

आत्याने पप्पांना समोर बसवलं.

“सुधाकर, मला सगळं कळलंय.”

पप्पांनी चष्मा काढला. चेहरा पार उतरला. “कुणी सांगितलं, अक्का?”

“ते सोड. कधीपासून चाललंय?”

“दिवाळीपासून.”

नाकारलंसुद्धा नाही. मी सोफ्याची कड घट्ट धरली.

“आणि त्या मंगलला काही पत्ता नाही,” आत्या म्हणाली. मंगल म्हणजे माझी आई.

“मंगलनेच तर पाठवलं मला,” पप्पा म्हणाले. “म्हणाली, घरात बसून माझ्या फोडणीत नाक खुपसता, त्यापेक्षा जा. सरोजाची ओळखही तिनेच करून दिली. सुरुवातीला फार संकोच वाटायचा, अक्का. सगळ्यांच्या देखत त्या बाईचा नवरा म्हणून उभं राहायचं म्हणजे... पण नंतर सवय झाली.”

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी आत्याकडे पाहिलं. एवढं तर मी फोनवर सांगितलं नव्हतं.

“सगळ्यांच्या देखत?” आत्याचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

“हौ ना. आतापर्यंत तीन लग्नं झाली, एक बारसं. बारसं जरा जड गेलं. बाळ फार रडत होतं.”

आत्याच्या हातातला पाण्याचा ग्लास सोफ्यावर कलंडला. कुणी उचलला नाही. माझ्या डोळ्यांसमोर कुठल्यातरी पाळण्यात माझा एक भाऊ हातपाय हलवायला लागला होता. त्याला पप्पांचं नाक आहे का, इथवर माझा विचार पोचला होता.

तेवढ्यात आई सुशीलाच्या बशा घेऊन बाहेर आली. “अहो,” ती पप्पांना म्हणाली, “मंगळवारच्या लग्नातही सरोजाच आहे ना तुमची बायको? मग तिला सांगा, माझी जांभळी साडी आधी परत कर. एकदाही नेसले नाही मी.”

“मंगल, तू हे बोलतेस?” आत्या म्हणाली.

“मग काय करू अक्का, कोरी साडी होती.”

आत्याला घाम फुटला होता. आईने बशा ठेवल्या, कलंडलेला ग्लास उचलला, आत्याची बॅग पाहिली, माझं तोंड पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं की काहीतरी भयंकर झालंय. मग तिने शांतपणे सगळं सांगितलं. सरोजाबाई तिची शिवणक्लासमधली मैत्रीण. सिनेमाच्या शूटिंगला माणसं पुरवतात. लग्नातले पाहुणे, देवळातले भक्त, कोर्टाबाहेरची गर्दी. बाई बडबडी, प्रेमळ, माणसं गोळा करण्यात पटाईत. पप्पांचा चेहरा वधूच्या काकाला शोभेल असं त्याच म्हणाल्या. माणसं कमी पडली की स्वतःच काकू होऊन शेजारी उभ्या राहतात. मोरपंखी शर्टही आईनेच कपाटातून काढून दिला होता, कारण सरोजाबाईंनी सांगितलं होतं की पडद्यावर पांढरा चालत नाही.

मग आमच्यापासून लपवलं कशाला? पप्पा जमिनीकडे बघत म्हणाले की मुलीला इतकी वर्षं सिनेमावर भाषणं दिली, आता कुठल्या तोंडाने सांगू. आणि अक्काला सांगायची तर सोयच नव्हती. लहानपणी चोरून सिनेमा पाहिला म्हणून तिने त्यांना न्हाणीघरात कोंडलं होतं.

“पण मग थिएटरात काय करत होतास?” आत्याने विचारलं.

“थिएटरचं कुणी सांगितलं?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कबूल केलं की मी तिथेच होते, पडद्याखाली, दाराशी. आता पप्पा चिडणार म्हणून मी मान खाली घातली. पण ते खुर्चीतून अर्धे उठले आणि त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे तू पाहिलंस? मोठ्या पडद्यावर? हळदीच्या प्रसंगात नवरीच्या अगदी मागे मी आहे. सरोजाबाईंना कळलं की तो ट्रेलर तिथे दाखवतायत, म्हणून मुद्दाम गेलो. बघून लगेच निघालो, त्यांना संध्याकाळच्या शूटिंगला पोचायचं होतं. कसा दिसलो?”

“मी पडद्याकडे पाठ करून उभी होते, पप्पा.”

“पाठ करून?”

मी मास कम्युनिकेशनला गेले तेव्हासुद्धा त्यांचा चेहरा इतका पडला नव्हता.

आणि अजून संपलं नाही. तोच ट्रेलर माझ्या प्रोजेक्टमध्ये होता. मी लॅपटॉप उघडला. हळदीचं दृश्य आलं. नवरीच्या मागे, हळदीची वाटी धरून, तोंडभर हसणारे माझे पप्पा, अगदी स्पष्ट. हे चित्र मी किती वेळा थांबवून पाहिलं होतं. नवरीच्या साडीचा रंग लिहिला, झेंडूच्या माळा लिहिल्या, उजेड कुठून येतो ते लिहिलं. बाप दिसला नाही. उलट चित्राखाली मीच टाइप केलेलं होतं: ‘मागे निर्जीव गर्दी, प्रेक्षकाचं लक्ष जाऊ नये अशी.’

पप्पांनी चष्मा घालून ते वाचलं. “निर्जीव?” एवढंच म्हणाले.

आत्याने ट्रेलर पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. मग सुशीलाची बशी ओढून घेतली आणि आईला विचारलं, त्या सरोजाबाईंना थोराड बायकाही लागतात का गं?

मंगळवारच्या लग्नाला आम्ही तिघं गेलो. पप्पा, आत्या आणि मी. मला त्या ‘निर्जीव’ची भरपाई करायची होती, आणि खरं सांगू, थोडा रुबाबही होता. कौटुंबिक सिनेमाच्या सगळ्या खुणा मला पाठ. या लोकांना दाखवू तरी, शिकलेली मुलगी पाहुणी म्हणून कशी उभी राहते ते. शहराबाहेरच्या एका हॉलमध्ये मांडव घातला होता. सरोजाबाईंनी मला पप्पांच्या शेजारी उभं केलं. कॅमेरा सुरू झाला. नवरीने मान खाली घातली, अक्षता उडाल्या, मी माझ्या मते अगदी भरल्या डोळ्यांनी बघत होते.

शॉट थांबला. डायरेक्टरचा असिस्टंट लगबगीने सरोजाबाईंकडे आला आणि मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाला, “अंकल एकदम बढिया. वो अम्मा भी चलेंगी. लेकिन इस लडकी को हटाओ. शादी में खडी है और देख ऐसे रही है, जैसे मंडप के नीचे लाश पडी है.”

मी पप्पांकडे पाहिलं. वाटलं, म्हणतील, माझी मुलगी आहे, राहू द्या. पप्पा एक पाऊल सरकले, माझी जागा भरून काढली आणि नवरीकडे बघून मायेने हसले.