आंघोळ करून वाच

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोर्डीच्या शाळेत सातवीच्या वर्गावर होते. फोन ठेवला आणि पुढचा धडा शिकवत राहिले... आज दीड महिना झाला, तेव्हा मुलांना काय शिकवलं ते काही केल्या आठवत नाही.

माझे मामा तलासरी तालुक्यातल्या उधव्याचे. भात-नाचणीची शेती, मूलबाळ नाही. मामा-मामी दोघांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणूनच की काय, लिहिलेला कागद म्हणजे मामांना देवच. शाळेसाठी मी त्यांच्याकडे राहिले, तेव्हा श्रावणात पोथी मीच वाचायची. आधी आंघोळ, मग पोथीला हळद-कुंकू, मग वाचन. माझा पाय चुकून पुस्तकाला लागला तर मला नमस्कार करायला लावत आणि त्या दिवशी स्वतः जेवत नसत. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा चुलीत घालू देत नसत. मामी वैतागायच्या, मीही वैतागायचे. पण मला शिकवलं ते याच माणसानं.

२०१८च्या नवरात्रात त्यांच्या छातीत दुखलं. डहाणूच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, एक कागद लिहून दिला आणि घरातल्या शिकलेल्या माणसाला दाखवा म्हणाले. मामांनी तो लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्यात पोथीवर ठेवला आणि माझी वाट बघत बसले.

दिवाळीत गेले तेव्हा मी कागद घ्यायला हात पुढे केला, तर म्हणाले, "बाय, बसमधून आलीस. आंघोळ करून वाच." मला परतीची गाडी गाठायची होती. डोकंच फिरलं माझं. गोळ्यांचा कागद आहे, पोथी नाही, असं म्हटलं तर म्हणाले, "अक्षरच ना ते?" मग पुढच्या खेपेला वाचते म्हणून मी फणकाऱ्यानं निघाले. दोन तांबे पाणी अंगावर घ्यायला कितीसा वेळ लागला असता...

पौषात ते गेले. दहाव्याला आंघोळ करून, ओल्या केसांनीच मी घरात आले. मामींनी तो कागद माझ्या हातात ठेवला. महिन्याच्या आत वलसाडला जाऊन हृदयाची तपासणी करून घ्या, उशीर करू नका, असं त्यात लिहिलं होतं. वर तारीख होती. मी दिवाळीत गेले त्या दिवशी महिना भरायला चार दिवस बाकी होते.

"काय लिहिलंय गं?" मामींनी विचारलं.

गोळ्यांची नावं आहेत, असं मी सांगितलं. त्यांनी कागद कपाळाला लावला, फडक्यात बांधला आणि परत पोथीवर ठेवून दिला. मी अडवलं नाही. हे सगळं मी इथं लिहू शकते, कारण मामींना वाचता येत नाही.