तीन फुटांचं दार

जेवण आटोपून सिंधूताई आवटी आडव्या होतात, पण झोप यावी म्हणून नव्हे. चार वाजता माणसं येणार आहेत, पहारी घेऊन, आणि तोवर खिडकीत उभं राहून त्यांची वाट बघायची त्यांची तयारी नाही. पंखा फिरतोय. पडद्याच्या फटीतून मिरजेचं एप्रिलमधलं ऊन फरशीवर पडलंय. डोळे मिटले तरी राग मिटत नाही. तो दोन भुवयांच्या मधोमध ठणकत बसलाय.

काय म्हणाला होता तो पाटोळे? "वहिनी, भावनेचा प्रश्न नाही हो, जागेचा प्रश्न आहे."

पाटोळे सोसायटीचे चेअरमन. सिंधूताईंच्या बरोबर वरच राहतात. आवाराच्या कोपऱ्यात लाकडाचं एक छोटं घर आहे, लहान पोरांनी आत शिरून खेळायचं. ते काढून तिथे दोन गाड्या उभ्या करायच्या, असं रविवारच्या मीटिंगमध्ये ठरलं. ते घर सिंधूताईंच्या नवऱ्याने बांधलं होतं, पोस्टातून रिटायर झाल्यावर, पार्सलांच्या जुन्या खोक्यांच्या फळ्या जमवून. चार बाय चार, तीन फुटांचं दार, दोन खिडक्या, उतरतं छप्पर. महादेवरावांना जाऊन तीन वर्षं झाली. घर मात्र अजून रोज संध्याकाळी पोरांनी गजबजतं. मीटिंगमध्ये सगळ्यांचे हात वर झाले, मग सगळे वळून सिंधूताईंकडे बघायला लागले, आणि सिंधूताईंचाही हात वर गेला. पाटोळेंपेक्षा त्यांना त्या हाताचाच जास्त राग येतो.

पंख्याचा आवाज खरखरीत होत जातो. खर्र. खर्र. स्वयंपाकघरात कोणीतरी रंधा मारतंय.

"अहो, ओट्यावर नको," सिंधूताई सवयीने म्हणतात.

"झालंच," महादेवराव म्हणतात.

ओट्यावर फळी आडवी टाकून ते वाकलेत. अंगात पोस्टाचा खाकी शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, भुवयांवर भुसा. लाकडाच्या साली कणकेच्या परातीत पडतायत. ते गेलेले आहेत हे सिंधूताईंना पक्कं माहीत आहे, तोंडात पाणी त्यांनीच घातलं होतं. पण ते आत्ता बोलून दाखवावं असं त्यांना वाटत नाही. त्याहून महत्त्वाचं बोलायचं आहे.

"चार वाजता तोडायला येतायत."

"कोण?"

"पाटोळे. दोन माणसं आणतोय."

महादेवराव फळी डोळ्यापाशी धरून तिची धार बघतात. "बरं," म्हणतात.

"बरं?" सिंधूताईंचा आवाज चढतो. "बरं काय? तुमच्या हाताखालच्याला बढती दिली, तेव्हाही तुम्ही बरंच म्हणालात. सोसायटीने नोटीस लावली, विनापरवाना बांधकाम म्हणून, तेव्हाही बरं. अडतीस वर्षं मी तुमचं बरं ऐकलंय. निदान मेल्यावर तरी दुसरा शब्द काढा!"

"हा कोणाचा?" महादेवराव विचारतात.

त्यांच्या हातात लाकडी ट्रक आहे. ओटा केव्हा इतका लांब झाला? ते पोस्टातलं टपाल निवडायचं टेबल आहे, आणि मागे छतापर्यंत खणच खण. पण खणांत पत्रं नाहीत. कुठे अस्वल, कुठे दोन डब्यांची आगगाडी, कुठे कान तुटलेला ससा. प्रत्येक खणावर महादेवरावांच्या गोल अक्षरात नाव. ओवी. समर्थ. जुई.

"रेहानचा," सिंधूताई म्हणतात.

"चाक सुटलंय. त्याची आई म्हणत होती, नवीन घेऊ. तो म्हणाला, आजोबांकडे नेऊ." महादेवराव चाकात आस घालतात, ट्रक टेबलावरून ढकलून बघतात. तो सरळ जातो.

"अहो, रेहान आठवीत गेला. आता मिशी फुटेल त्याला."

"मग दुसरी असतील की."

"आहेत ना! मी काय सांगतेय मग? दुसऱ्या मजल्यावरच्यांची जुळी आहेत, पलीकडे ती बोबडी पोरगी आहे, रोज त्या घरात बसून सगळ्यांना चहा देते, खोटाखोटा. ती कुठे जातील? गाडीखाली खेळतील?" सिंधूताईंना धाप लागते. "तुम्ही बांधून मोकळे झालात. भांडायचं मात्र मी. मला नाही येत भांडायला. तुमच्याबरोबर राहून विसरले मी. एकदा, आयुष्यात एकदा जरी तुम्ही चिडला असता ना, तर मी काहीतरी शिकले असते!"

"चिडलो होतो की."

"कधी?"

"हे बांधताना."

गुडघे हनुवटीला लागतात. सिंधूताई त्या छोट्या घरात बसल्या आहेत, समोर महादेवराव, दोघांचेही पाय मावत नाहीत. तीन फुटांच्या दारातून त्या आत कशा आल्या हे त्यांना आठवत नाही. बाहेर आवार नाही, नुसतं पिवळं ऊन आहे, आणि ते फळ्यांच्या फटींतून त्यांच्या लुगड्यावर पट्ट्यापट्ट्यांनी पडतंय.

"त्या वेळच्या कमिटीने काय सांगितलं, ठाऊक आहे?" महादेवराव म्हणतात. आवाज नेहमीसारखाच हळू, पण मान ताठ आहे. ती मान सिंधूताईंनी कधी पाहिलेली नाही. "म्हणाले, आवटी, हौस करून घ्या, पण आम्हाला वाटलं तर एका दिवसात उखडून टाकू. पोरांच्या देखत म्हणाले. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता माझा. म्हटलं, तुमचा बाप आला तरी उखडता येणार नाही असं बांधतो."

"तुमचा बाप?" सिंधूताई बघतच राहतात. "असं म्हणालात?"

"मनात."

"मनात!"

"हात दे इकडे." ते त्यांची बोटं दोन फळ्यांच्या सांध्यावर ठेवतात. "खिळा लागतो हाताला?"

सिंधूताई चाचपतात. डावीकडे, उजवीकडे, छपराच्या कडेला. खिळा कुठेच नाही. फक्त लहान लहान गोल टोकं, फळीबरोबर घासून सपाट केलेली.

"खुंट्या आहेत. चौसष्ट. उखडायचं कशाला? काढल्या की फळी सुटते, दुसरीकडे नेऊन ठोकल्या की पुन्हा घर. त्यांनी इथून उठवलं की तिथे. तिथून उठवलं की आणखी कुठे. उठवून उठवून तेच दमतील."

"आणि हे मला आत्ता सांगताय?" सिंधूताईंच्या डोळ्यांत पाणी येतं, पण ते रडू नाही, संताप आहे. "बारा वर्षं हे घर माझ्या डोळ्यांसमोर उभं. रविवारी भर मीटिंगमध्ये मी मुक्यासारखी बसले. एवढं एक वाक्य ठाऊक असतं तर पाटोळेच्या तोंडावर फेकलं असतं!"

महादेवराव खाली बघतात. "चुकलं माझं," म्हणतात.

अडतीस वर्षांत हेही त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. सिंधूताईंचा राग जात नाही, पण त्याला बसायला जागा मिळाल्यासारखं होतं.

"न्यायचं कुठे?" त्या विचारतात.

"ते तू बघ. मी आता तिथे राहत नाही."

ते लाकडी हातोडा उचलतात आणि दाराच्या बाजूच्या फळीवर ठोकतात. ठक. एक खुंटी बोटभर बाहेर सरकते. "ओढ," म्हणतात. सिंधूताई ओढतात. ती घट्ट आहे, मग सैल होते. ठक. ठक. ठक.

दार वाजतंय.

चार वाजायला पाच मिनिटं आहेत. पंखा फिरतोय. सिंधूताई उठून बसतात, आणि उजवी मूठ उघडत नाही. डाव्या हाताने एकेक बोट सोडवावं लागतं. तळव्यावर बोटाएवढी लाकडी खुंटी आहे. एक टोक ऊन-पावसाने काळं पडलेलं, बाकीची पिवळी, कोरी, लाकडाचा वास असलेली.

त्या बराच वेळ तिच्याकडे बघतात. मग पदर खोचतात आणि दार उघडतात.

"वहिनी, सुरुवात करतोय," पाटोळे म्हणतात. मागे दोन माणसं, खांद्यावर पहारी.

"पहारी खाली ठेवा." आपला आवाज एवढा मोठा आहे हे सिंधूताईंना आजच कळतं. "त्या घराला लोखंड लागायचं नाही. खुंट्या काढायच्या, एकेक, मी सांगेन तशा. चौसष्टातली एक निघालीय, त्रेसष्ट उरल्या."

"अहो, पण काढून नेणार कुठे?"

"माझ्या हॉलमध्ये."

"हॉलमध्ये? आणि पोरं?"

"पोरं येतीलच की, रोज. तुमच्या बेडरूमच्या खाली." त्या दारातून बाजूला सरकतात आणि त्या दोन माणसांना आत बोलावतात. "या हो. आधी हा सोफा बाहेर काढायचाय."